दुबळ्यांचा कैवारी : सुपरमॅन

निळा घट्ट पोशाख, पाठीवर फडफडणारे तांबडे प्रावरण आणि छातीवर इंग्रजी 'एस्' हे अक्षर अशी आकृती दृष्टीस पडली, की जगातील बहुतेक देशांतील मुले तिला तत्काळ ओळखतात. हा सुपरमॅन होय. सुपरमॅन म्हणजे अतिमानव. बंदुकीच्या गोळ्या त्याच्या अंगावर आपटून खाली पडतात, धावती आगगाडी त्याच्या वेगापुढे मागे पडते आणि पोलादी तुळया तो वेताच्या छडीसारख्या वाकवतो. परंतु केवळ अचाट बळाच्या जोरावर कोणी लोकांच्या मनात घर करू शकत नाही. बलाढ्य राक्षसांच्या कथा सर्वत्र आहेत. पण राक्षसांवर कोणी प्रेम करीत नाही. मग सुपरमॅनवर लोकांनी एवढे प्रेम का केले? याचे उत्तर त्याच्या जन्माच्या हकीकतीत सापडते. कारण या बलवान वीराला जन्म दिला, तो दोन लाजाळू आणि अंगाने किरकोळ अशा शाळकरी मुलांनी.

अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड नावाचे मोठे औद्योगिक शहर आहे. तेथील ग्लेनव्हिल हायस्कुलात जेरी सीगेल आणि ज्यो शुस्टर हे दोघे शिकत होते. दोघांचाही जन्म १९१४ सालचा. दोघांचीही कुटुंबे ज्यू धर्माची असून युरोपातून नव्या जगात पोटासाठी आलेली होती. ज्योचा जन्म कॅनडातील टोरांटो शहरी झाला होता आणि लहानपणी तो आईवडिलांबरोबर क्लीव्हलँडला आला. जेरीला कथा रचण्याचा नाद, तर ज्योला चित्रे काढण्याचा. दोघांच्याही डोळ्यांना चष्मा. खेळाच्या मैदानापेक्षा विज्ञानकथांच्या मासिकांत ते अधिक रमत. ज्योच्या घरची स्थिती बेताची होती. चित्रांसाठी कागद विकत घेणे परवडत नसे, म्हणून तो भिंतींना चिकटवावयाच्या रंगीत कागदाच्या कोऱ्या पाठीवर किंवा दुकानातील जाड तपकिरी कागदावर चित्रे काढी. आईची पाव कापण्याची फळी हेच त्याचे चित्रकलेचे मेज!

तो काळही मोठा कठीण होता. १९२९ साली अमेरिकेत जी आर्थिक मंदी सुरू झाली, तिने लक्षावधी संसार उद्ध्वस्त केले. १९३३ सालच्या सुमारास त्या देशातील दर चार कामकऱ्यांपैकी एकाला काम नव्हते. शहरोशहरी फुकट पाव आणि सूप मिळविण्यासाठी माणसांच्या लांबच लांब रांगा लागत. जेरीच्या घरावर तर याहून मोठा आघात झाला. १९३२ साली त्याच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्याच प्रसंगी हृदयक्रिया बंद पडून वडिलांचा अंत झाला. अशा वेळी अन्यायाला रोखणारा कोणी बलवान माणूस असता तर किती बरे झाले असते, असे एखाद्या मुलाच्या मनात आल्यास नवल नाही.

तथापि या दोघांनी निर्माण केलेला पहिला 'सुपरमॅन' मात्र दुष्ट होता, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. १९३३ च्या जानेवारीत, स्वतःच काढलेल्या एका लहानशा मासिकात, त्यांनी ही कथा छापली. त्या कथेत एक शास्त्रज्ञ पावाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका भुकेल्या माणसाला घरी नेतो आणि त्याच्यावर एका विचित्र द्रव्याचा प्रयोग करतो. त्यामुळे त्या माणसाला दुसऱ्यांच्या मनातील विचार जाणण्याची आणि त्यांच्या मनावर हुकमत चालविण्याची शक्ती प्राप्त होते. शक्ती मिळताच तो उन्मत्त होतो व साऱ्या जगाचा स्वामी होऊ पाहतो. पण त्या द्रव्याचा प्रभाव ओसरतो आणि त्याला पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभे राहावे लागते.

ही कथा लिहून झाल्यावर जेरीच्या मनात विचार आला, की हीच शक्ती एखाद्या सज्जनाच्या हाती असती तर? या एका प्रश्नाने सारी कथाच पालटली. सॅमसन, हर्क्युलीस इत्यादी प्राचीन कथांतील वीरांचे बळ एकाच पुरुषाच्या ठिकाणी एकवटावे आणि ते त्याने दुबळ्यांच्या रक्षणासाठी वेचावे, अशी कल्पना त्याने मांडली. ज्योने तिला रूप दिले. सर्कशीतील मल्ल घालतात तसा अंगासरशी बसणारा पोशाख त्याने आपल्या नायकाला दिला. आणि त्याच्या हालचालीतील वेग चित्रात दिसावा म्हणून खांद्यावरून उडणारे तांबडे प्रावरण जोडले.

कल्पना उत्तम असली, तरी तिचे चीज होण्यास फार काळ लागला. एका प्रकाशकाने नकार दिल्यावर ज्यो इतका निराश झाला, की त्याने आपली चित्रे चुलीत टाकली. जेरीने त्यांतील केवळ मुखपृष्ठ वाचविले. वृत्तपत्रांना चित्रकथा पुरविणाऱ्या संस्थांनी एकामागून एक नकारपत्रे पाठविली. अखेर १९३८ साली न्यूयॉर्क येथील 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या प्रकाशनसंस्थेने ती कथा स्वीकारली. 'ॲक्शन कॉमिक्स' नावाच्या नव्या मासिकाच्या जून १९३८ च्या पहिल्याच अंकात ती प्रसिद्ध झाली. अंकाची किंमत होती दहा सेंट. मुखपृष्ठावर एक मनुष्य हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आदळीत आहे आणि आजूबाजूचे गुंड भीतीने पळत आहेत, असे चित्र होते. हा अंक लोकांना विलक्षण आवडला. १९३९ च्या जानेवारीपासून सुपरमॅन वृत्तपत्रांत झळकू लागला; १९४० साली तो रेडिओवर आला आणि १९४१ साली हलत्या व्यंगचित्रांच्या रूपाने चित्रपटगृहातही दिसू लागला.

सुपरमॅनची मूळ कथा थोडक्यात अशी आहे. दूर अंतराळातील क्रिप्टन नावाचा ग्रह नष्ट होण्याच्या बेतात असतो. तेथील एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला एका लहानशा यानात ठेवून पृथ्वीच्या दिशेने सोडतो. ते यान अमेरिकेत उतरते. केंट नावाचे एक प्रेमळ जोडपे त्या बालकाला आपले म्हणून वाढविते आणि त्याचे नाव क्लार्क ठेविते. मुलाच्या अंगी विलक्षण शक्ती आहे, हे त्यांच्या लवकरच ध्यानात येते. लोक घाबरतील, म्हणून ही शक्ती लपवून ठेव, असे पालक पिता त्याला बजावतो. आणि योग्य वेळ येईल तेव्हा ती मानवजातीच्या कल्याणासाठी वापर, असे माता सांगते. सुपरमॅनचे बळ जन्माबरोबर आले. पण त्या बळाला वळण लाभले ते या साध्याभोळ्या माणसांच्या शिकवणुकीने.

आरंभीचा सुपरमॅन आजच्याइतका समर्थ नव्हता. त्याला उडता येत नसे. तो सुमारे दोनशे मीटर लांब उडी मारी आणि वीस मजली इमारत ओलांडून जाई. हे कसे शक्य आहे, याचा खुलासाही पहिल्या अंकात दिला होता. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते आणि नाकतोडा आपल्या शरीराच्या मानाने प्रचंड उडी घेतो. मग अधिक विकसित अशा ग्रहावरील माणसाला हे का साधू नये, असा तो युक्तिवाद होता. पुढे उडीचे उड्डाण झाले, दृष्टी भिंतींच्या आरपार जाऊ लागली आणि त्याच्या शक्तीचे मूळ आपल्या पिवळ्या सूर्याच्या प्रकाशात आहे, असे सांगण्यात येऊ लागले. परंतु ज्याला कशाचेच भय नाही, त्याच्या कथेत गोडी ती कसली? म्हणून १९४३ साली रेडिओवरील कथेत 'क्रिप्टोनाइट' हा पदार्थ आला. सुपरमॅनच्या जन्मग्रहाचे हे तुकडे जवळ आले, की तो हतबल होतो.

एरवी हा वीर क्लार्क केंट या नावाने एका वृत्तपत्रात वार्ताहराचे काम करतो. चष्मा लावणारा, भिडस्त आणि काहीसा गबाळा असा हा क्लार्क पाहून त्याची सहकारी लोइस लेन त्याला भित्रा समजते. आपल्या जवळचा हाच माणूस खरा सुपरमॅन आहे, याची तिला दाद नसते. इतरांनी ज्यांना क्षुल्लक मानावे, अशा दोन चष्मेवाल्या मुलांनीच ही योजना केली होती. वरून सामान्य दिसणाऱ्या माणसाच्या अंतरी काय दडले आहे, हे सांगता येत नाही, असे जणू त्यांना जगाला बजावावयाचे होते.

सुपरमॅन आपले बळ कोणासाठी वापरतो, हेही पाहण्यासारखे आहे. पहिल्याच कथेत तो एका निरपराध स्त्रीला देहदंडापासून वाचवितो आणि पत्नीला मारहाण करणाऱ्या एका नवऱ्याला चांगला धडा शिकवितो. तिसऱ्या अंकात तो खाणकामगाराचा वेष घेतो. खाणीच्या मालकाने मजुरांच्या सुरक्षिततेची काळजी घेतलेली नसते. सुपरमॅन त्या मालकाला आणि त्याच्या मेजवानीतील पाहुण्यांना खाणीत नेतो आणि दरड कोसळून आत अडकण्याचा अनुभव त्यांनाच घ्यायला लावतो. मालकाचे डोळे उघडतात. येथे सुपरमॅन मालकाला ठार मारीत नाही. दुसऱ्याचे दुःख काय असते, ते त्याला कळेल असे करतो. १९४६ साली रेडिओवर सोळा भागांची एक कथा सादर झाली. चिनी वंशाच्या एका मुलाचा छळ करणाऱ्या वर्णद्वेष्ट्या टोळीचा सुपरमॅन तीत बीमोड करतो. परग्रहावरून आलेला हा पाहुणा परक्यांचा पाठीराखा झाला, हे त्याच्या स्वभावाला साजेसेच होते.

आपल्या नायकाच्या निर्मात्यांना मात्र न्याय फार उशिरा मिळाला. पहिल्या कथेसाठी त्यांना १३० डॉलर मिळाले आणि त्याच वेळी त्यांनी सुपरमॅनवरील सर्व हक्क प्रकाशकाला लिहून दिले. पुढे सुपरमॅनवर इतरांनी अमाप पैसा मिळविला. १९४७ साली दोघांनी न्यायालयात दाद मागितली. पण हक्क परत मिळाले नाहीत, उलट कथांवरून त्यांची नावेही काढून टाकण्यात आली. ज्योची दृष्टी मंदावत गेली. जेरीला कारकुनी करावी लागली. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार, हे कळताच जेरीने आपली कैफियत वृत्तपत्रांकडे पाठविली. अनेक चित्रकार या दोघांच्या बाजूने उभे राहिले, वृत्तपत्रांनी आवाज उठविला आणि त्या वर्षाच्या अखेरीस सुपरमॅनचे हक्क असलेल्या वॉर्नर कंपनीने प्रत्येकाला दरवर्षी २०,००० डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांची नावेही पुन्हा सुपरमॅनच्या कथांवर छापली जाऊ लागली. ज्यो १९९२ साली आणि जेरी १९९६ साली निवर्तला.

या दोन वृद्ध मित्रांच्या साहाय्याला आकाशातून कोणी सुपरमॅन आला नाही. त्यांच्यासाठी धावून आली ती साधी माणसे. कोणी लेखणी उचलली, कोणी दूरध्वनी फिरविला, कोणी सभेत उभे राहून बोलले. पोलादी तुळई वाकविणे त्यांच्यापैकी एकालाही साधले नसते. तरीही दुबळ्याची बाजू घेण्याचे जे काम सुपरमॅन कथेत करतो, तेच त्यांनी प्रत्यक्षात केले. १९३८ पासून २०२५ सालच्या चित्रपटापर्यंत सुपरमॅनची रूपे अनेकदा बदलली, त्याची शक्ती वाढली, क्वचित घटलीही. पण ती शक्ती कोणासाठी वापरावयाची, याविषयीचा त्याचा निश्चय बदललेला नाही. उडण्याचे सामर्थ्य कोणाही माणसाच्या वाट्याला येत नाही. असा निश्चय मात्र प्रत्येकाला करता येतो.

अभ्यास

१. पहिल्या कथेतील दुष्ट 'सुपरमॅन' आणि नंतरचा सुपरमॅन यांच्यात कोणता फरक आहे?
२. क्लार्क केंटच्या पालक मातापित्यांनी त्याला कोणता उपदेश केला? त्या उपदेशाचे महत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.
३. खाणमालकाला शिक्षा न करता सुपरमॅनने त्याला खाणीत का नेले?
४. सीगेल आणि शुस्टर यांना अखेर न्याय कसा मिळाला?