मेनूवर मालकी कोणाची?

या लेखमालेत ठरलेला रिबनचा, म्हणजे एक्सेलच्या वरच्या पट्टीचा, समाचार पुढच्या आठवड्यात. मध्येच सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न आला आणि तो काही केल्या बाजूला ठेवता येईना. ते करसल्लागार आहेत. एक्सेलमध्ये चुकून स्लॅशचं बटण दाबलं की वरच्या पट्टीवर अक्षरांचे छोटे चौकोन उमटतात. हेच काम आल्ट करत असताना हे दुसरं बटण कशासाठी, असं ते विचारतात. उत्तर सोपं आहे: लोटस १-२-३ हे जुनं स्प्रेडशीट सोडून आलेल्यांसाठी. पण त्यामागे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं भांडण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

लोटस बाजारात आलं जानेवारी १९८३ मध्ये. स्लॅश त्याआधीच्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटमध्येही होता, पण लोटसने त्यामागे चांगला वाचता येणारा शब्दांचा मेनू उभा केला. स्लॅश, मग एफ म्हणजे फाइल, मग एस म्हणजे सेव्ह. पन्नासहून जास्त मेनू, त्यांत ४६९ आज्ञा. लोक लवकरच पडद्याकडे न बघता हे करू लागले. खरी गोम मात्र मॅक्रोत होती. लोटसमधला साधा मॅक्रो म्हणजे दाबायच्या बटणांची ओळ. ती एखाद्या सेलमध्ये लिहून ठेवायची, पुढच्या वेळी संगणक ती आपण होऊन दाबतो. म्हणजे मेनूतल्या शब्दाचं पहिलं अक्षर बदललं की गिऱ्हाइकाने स्वतः खपून लिहिलेला मॅक्रो कोलमडला.

मग दुसरं स्प्रेडशीट विकायला निघालेल्याने करायचं काय? ॲडम ऑस्बोर्नने सरळ लोटससारखाच मेनू दिला. (हो, उचलून नेता येणारा संगणक विकणारा तोच ऑस्बोर्न. त्याचं लहानपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला गेलं. वडील रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. २००३ मध्ये तो वारला तोही कोडैकनालला. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीनच.) त्याचं व्हीपी-प्लॅनर सुमारे १०० डॉलरला मिळे, लोटसची किंमत होती ४९५. लोटसने त्याच्या कंपनीवर कॉपीराइटचा दावा लावला आणि जून १९९० मध्ये बोस्टनचे न्यायाधीश कीटन यांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. आठवडाभरातच लोटसने बोर्लंड या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीवर दावा ठोकला.

बोर्लंडचं प्रकरण जास्त नाजूक होतं. त्यांच्या क्वात्रो प्रो या स्प्रेडशीटला स्वतःचा मेनू होता, आणि माझ्या मते तो लोटसपेक्षा सरस होता. फक्त गिऱ्हाइकाला हवा असेल तर लोटसच्या आज्ञांचा मेनू चालू करता येई. लोटसच्या कोडची एक ओळही बोर्लंडने उचलली नव्हती. उचलले ते आज्ञांचे शब्द आणि त्यांची रचना. कीटन यांनी तेही बेकायदा ठरवलं. बोर्लंडने मेनू काढून टाकला आणि जुने मॅक्रो चालावेत एवढ्यापुरती आद्याक्षरं ओळखणारी सोय ठेवली. १९९३ मध्ये तिच्यावरही बंदी आली.

मार्च १९९५ मध्ये अपील न्यायालयाने सगळं उलटवलं. मेनू ही यंत्र चालवण्याची पद्धत आहे, व्हीसीआरवरच्या बटणांसारखी. तिच्यावर कॉपीराइट चालत नाही. लोटसचं म्हणणं मान्य केलं तर माणसाला तेच काम प्रत्येक प्रोग्रॅममध्ये नव्याने शिकावं लागेल, हेही न्यायालयाने बोलून दाखवलं. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं पडली चार विरुद्ध चार, कारण एक न्यायमूर्ती सुनावणीतून बाजूला झाले होते. त्यामुळे अपिलाचा निकाल कायम राहिला, पण देशभर बांधील ठरेल असा दंडक काही झाला नाही.

सगळे प्रोग्रॅम सारखेच दिसू लागले तर निवड कसली, असं तुमच्यापैकी अनेकांनी या लेखमालेच्या निमित्ताने लिहिलं. मला ते पटत नाही. दुकानात दहा स्प्रेडशीट मांडलेली असली, पण जुनं सोडताना सवय आणि मॅक्रो दोन्हींवर पाणी सोडावं लागत असेल, तर गिऱ्हाईक आहे तिथेच बसतं आणि विक्रेता किंमत कमी करत नाही. क्वात्रो प्रोतला तो उसना मेनू गिऱ्हाइकाला दार उघडून देत होता. लोटसला नेमकं तेच नको होतं.

निकाल लागेपर्यंत बाजार मात्र उठला होता. बोर्लंडने क्वात्रो प्रो १९९४ मध्येच नॉव्हेलला विकलं, १९९५ मध्ये आयबीएमने लोटस विकत घेतलं, आणि विंडोजवर एक्सेलचं राज्य आलं. मायक्रोसॉफ्टने लोटसचा मेनू घेतला नाही. एक्सेलमध्ये लोटसवाल्यांसाठी खास मदत होती: जुनी बटणं सांगा, तेच काम इथे कसं करायचं ते दाखवू. लोटसच्या फाइली उघडत होत्या. आणि स्लॅश होताच.

सांगलीकरांना तो नकोच असेल तर एक्सेल ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड उघडा आणि अगदी तळाशी लोटस कंपॅटिबिलिटीखाली असलेलं ते चिन्ह खोडा. बाकीच्यांनी एक करून बघा. कुठल्याही सेलमध्ये ६० लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. ही चूक मूळची लोटसची. एक्सेलने ती जाणूनबुजून तशीच ठेवली, नाहीतर लोटसमधून आणलेल्या हिशेबांतल्या तारखा एका दिवसाने सरकल्या असत्या.