केळीच्या खोक्यातला पाय-बंध

कुरुंदा, गिरगाव हा वसमत तालुक्यातला केळीचा पट्टा. केळी हिरवीच कापतात आणि मग रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन पिकवतात. इथिलीन म्हणजेच इथीन, सगळ्यात लहान अल्कीन. पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करताय ना? मग अल्कीनचा धडा या केळीपासून वाचा.

"अल्कीन अभिक्रियाशील का?" असं विचारलं की बरेच जण म्हणतात, दुहेरी बंध कमकुवत असतो म्हणून. चूक. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल प्रति मोल लागतात, दुहेरीला ६१० च्या आसपास. आता वजाबाकी करा: पाय-बंधाच्या वाट्याला जेमतेम २६० येतात. सिग्मा-बंधाचे इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांच्या मधोमध जखडलेले असतात. पाय-बंधाचे मात्र रेणूच्या प्रतलाच्या वर-खाली, उघड्यावर. इलेक्ट्रॉन शोधत फिरणारा कुणीही, ब्रोमीन असो की प्रोटॉन, आधी तिथेच हात घालतो. एक पाय-बंध जातो, दोन नवे सिग्मा-बंध मिळतात. सौदा फायद्याचाच!

लांबच्या बाजारात जाणाऱ्या केळीच्या खोक्यात पोटॅशियम परमँगनेटची पुडी ठेवतात. एका पिकत्या फळातून सुटलेलं इथिलीन शेजारच्या फळांनाही पिकवतं, आणि माल वाटेतच पिकला तर शेतकऱ्याचं वर्ष वाया. पुडीतलं परमँगनेट त्याच पाय-इलेक्ट्रॉनांवर तुटून पडतं, इथिलीनचं ऑक्सिडीकरण होतं, जांभळा रंग जाऊन तपकिरी मँगनीज डायऑक्साइड उरतो. ओळखलंत? बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधली बायरची टेस्ट ती हीच.

फळाच्या आत गोष्ट वेगळी. पेशीतल्या रिसेप्टरमध्ये तांब्याचा आयन असतो, इथिलीन पाय-इलेक्ट्रॉनांनी त्याला धरतं. बंध मोडत नाही, तरी पिकण्याचा निरोप पोचतो.

आता इथीनच्या जागी प्रोपीन घ्या. मिथिल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो, म्हणून ब्रोमीनशी प्रोपीन जास्त वेगाने अभिक्रिया करतं. पण वनस्पतीत इथिलीनइतका परिणाम साधायला प्रोपीन शंभरपटीच्या आसपास लागतं. रिसेप्टरच्या अरुंद जागेत तोच मिथिल आडवा येतो. म्हणून "कोण जास्त अभिक्रियाशील?" असं विचारलं, तर आधी "कोणाशी?" हे विचारून घ्या.

जाता जाता एक घरचा अभ्यास. १-मिथिलसायक्लोप्रोपीन हेही अल्कीनच, तीन कार्बनच्या ताणलेल्या कड्यातलं. मिथिल असूनही ते रिसेप्टरवर इतकं घट्ट बसतं की इथिलीनला जागाच मिळत नाही आणि फळ पिकायचं थांबतं. कड्यातला ताण इथे काय करतो, ते कागदावर काढून बघा.