पावसाळी रानांतील एल्क व त्याचा माग

सांबर रानांत कसें दडतें हें कोंकणांतील व घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांस निराळें सांगावयास नको. रात्रीं नाचणीचा फडशा पाडून पहांटे जें जनावर जाळींत शिरतें, तें दिवसभर दृष्टीस पडत नाहीं. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपणांकडे त्याची शिकार बंद आहे. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सांबराहून मोठें असें एक जनावर अशाच ओल्या व निबिड अरण्यांत राहतें, आणि त्याच्या शिकारीस तेथें ठराविक हंगामांत परवानगी आहे. तें शोधण्याची तेथील लोकांची रीत, रानाशेजारीं शेती करणाऱ्यांस मनोरंजक वाटेल अशी आहे.

या जनावरास एल्क म्हणतात. पूर्वीं लंकेंतील इंग्रज शिकारी सांबरासच एल्क म्हणत, त्यामुळें जुन्या पुस्तकांत घोंटाळा होतो. खरा एल्क हा काश्मीरच्या हंगुलाचा भाऊबंद होय. वॉशिंग्टन व ऑरेगॉन या संस्थानांच्या किनाऱ्यालगत जी जात आढळते, तिला सन १८९७ मध्यें मेरियम या प्राणिशास्त्रज्ञानें थिओडोर रूझवेल्ट यांचें नांव दिलें. पूर्ण वाढीचा नर ७०० ते १,१०० पौंड भरतो, म्हणजे चांगल्या खिलारी बैलाच्या तोडीचा. येथें होह नदीच्या खोऱ्यांत सालीना सुमारें १४० इंच पाऊस पडतो. महाबळेश्वरास याहून पुष्कळच अधिक पडतो हें खरें, पण आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो. तेथला मुख्यतः हिंवाळ्यांत, ऐन शिकारीच्या दिवसांत, रिपरिपत राहतो. स्प्रूस, हेमलॉक व सिडार यांचे प्रचंड वृक्ष, खालीं कमरेएवढे नेचे, पडलेल्या खोडांवर हातभर शेवाळ. वीस पावलांपलीकडील बैलाएवढें जनावरहि दिसूं नये अशी स्थिति.

अशा रानांत नवखा मनुष्य दिवसभर भटकतो व रिकाम्या हातीं परततो. अनुभवी मनुष्य प्रथम चाऱ्याचा विचार करितो. गर्द सावलींत गवत फारसें उगवत नाहीं. इमारती लांकडासाठीं जेथें कूप तोडले असतील तेथें ऊन पोंचतें, व पुढील कांहीं वर्षें कोंवळा पाला व झुडपें माजतात. एल्काचा कळप सांजसकाळ तेथें चरतो, आणि उजाडतांच शेजारच्या दाट नव्या लागवडींत किंवा उतारावरील एखाद्या सपाटीवर रवंथ करीत बसतो. म्हणून कूप व दाट रान यांची हद्द हीच पाहण्याची जागा. सखल भागांतील कळप दूर भटकत नाहींत, थोड्या मैलांच्या टापूंतच वर्ष काढितात. यास्तव हंगामापूर्वीं पायपीट करून ठेवलेली ओळख फुकट जात नाहीं.

माग ओळखण्यांत पाऊस जसा वैरी तसा मित्रहि आहे. कालचा ठसा पावसानें बोथट होतो. कडा धारदार असून आंत पाणी गढूळ असेल तर जनावर नुकतेंच गेलें असें समजावें. लेंड्या घट्ट व सुट्या असल्यास तें काटक्यापाला खात आहे, शेणासारखा पो असल्यास हिरवें गवत. शिंगें घासून साल सोललेलीं झाडें व लोळण्याचे चिखलाचे खड्डे हीं नराचीं चिन्हें. परंतु तीं बहुधा सप्टेंबरांतील माजाच्या दिवसांचीं असतात, नोव्हेंबरांत त्यांवर विसंबूं नये. माजावर असतांना नर लांब शीळ घालतो, त्यामुळें तो आपण होऊन ठिकाण सांगतो. बंदुकीच्या हंगामापर्यंत तो बहुतेक मुका होतो. कळपाचा उग्र दर्प मात्र कित्येकदां दिसण्यापूर्वींच येतो.

दर्प आपणांस येतो तो वारा समोरचा असल्यामुळें. उलट वारा असेल तर आपला वास त्यास जातो, आणि मग सारे श्रम व्यर्थ. शांत हवेंत पहांटे गार वारा उतारावरून खालीं वाहतो, ऊन चढल्यावर वर. म्हणून सकाळीं खालून वर चढत जावें, दुपारीं वरून उतरावें. भिजलेला पालापाचोळा वाजत नाहीं, ही रिमझिमीची मोठीच सोय. झाडें हलविणारें वादळ असल्यास कळप आडोशास दडून बसतो. तें ओसरतांच तो भुकेनें बाहेर पडतो, व ती घटका दवडूं नये.

खरा कठीण भाग बार उडाल्यानंतरचा. रक्ताचे थेंब पावसानें थोड्याच वेळांत धुवून जातात, नेच्यांत दहा पावलांवर पडलेलें जनावरहि हुकतें. यासाठीं जाणते लोक बार टाकण्यापूर्वीं जनावर उभें होतें ती खूण व शेवटीं दिसलें ती खूण, दोन्ही मनांत पक्क्या करितात. मुसळधार पावसांत अथवा अंधार पडण्याच्या सुमारास लांबचा बार टाकीतच नाहींत. माझ्या मतें या एका संयमावरून शिकाऱ्याची पारख व्हावी. जखमी होऊन रानांत कुजणाऱ्या जनावराचा कोणासच उपयोग नाहीं, आणि मांस वाया जाऊं देणें हा वॉशिंग्टनांत गुन्हाहि आहे. हवा थंड असली तरी एवढ्या मोठ्या धडाची ऊब आंतल्या आंत राहून मांड्यांचें मांस हाडाशीं नासतें. म्हणून कातडें तत्काळ सोलून, तुकडे करून, पाठीवरून वाहून आणावे लागतात.

नियम पुष्कळ आहेत. वॉशिंग्टनच्या पश्चिम भागांत बऱ्याच ठिकाणीं शिंगास एका बाजूस निदान तीन टोंकें असलेलाच नर मारतां येतो. थिओडोर रूझवेल्ट यांनीं सन १९०९ मध्यें मुख्यतः या एल्कासाठींच ऑलिंपिक डोंगराचा भाग राखून ठेविला. सन १९३८ पासून तें राष्ट्रीय उद्यान आहे व त्यांत शिकारीस पूर्ण मनाई आहे. लांकूड कंपन्यांच्या रानांत बहुधा त्यांचा परवाना लागतो.

गोठा बाळगणाऱ्यांनीं लक्षांत घेण्याजोगी एक गोष्ट राहिली. वॉशिंग्टनच्या नैऋत्य भागांतील एल्कांत खूर सडून जनावर लंगडें होण्याचा रोग पसरला आहे. दुभत्या गाईंच्या खुरांच्या रोगांत सांपडतात त्याच वर्गाचे जंतु त्यांत आढळले. तो दुसरीकडे जाऊं नये म्हणून शिकाऱ्यानें मारलेल्या एल्काचे खूर घरीं न आणतां जागेवरच टाकून यावे, असा नियम तेथील वन्यजीव खात्यानें केला होता.