प्रदर्शनाच्या दप्तरासाठी चार पैसे

दसरा आला की शिरड शहापूरहून औंढ्यामार्गे हिंगोलीला जायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. रामलीला मैदानावर आम्हा मुलांचे लक्ष आकाशपाळण्याकडे. वडील मात्र आधी कृषी प्रदर्शनाच्या मंडपात नेत. तिथे कोणाचे कणीस भरदार, कोणाचा हळदीचा गड्डा मोठा, हे ते डोळे भरून पाहत.

एका वर्षी वडिलांच्या ज्वारीला बक्षीस मिळाले. ते प्रशस्तिपत्र परवा पेटीतून काढले, तर सालाचा कोपरा वाळवीने खाल्लेला. नातवाने विचारले, "आजोबा, हे कोणत्या वर्षीचे? आणि ज्वारी कोणती होती?" मला सांगता आले नाही.

खाकीबाबा मठापासून सुरू झालेली हिंगोलीच्या दसऱ्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. या काळात राज्ये बदलली. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा. राज्यांबरोबर दप्तरेही विखुरली. निजामकाळासाठी हैदराबादच्या पुराभिलेखागारातील फारसी-उर्दू कागद चाळावे लागतील. हिंगोलीत इंग्रजांच्या देखरेखीखालील फौजेची छावणी होती. त्या काळासाठी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार पाहावे लागेल. पुढच्या काळासाठी परभणी-हिंगोलीच्या कचेऱ्या आणि घराघरांतल्या पेट्या.

हा शोध कशाला, असे कोणी विचारील. प्रदर्शनातल्या बक्षिसांच्या याद्या म्हणजे पिकांची वंशावळच. गावरान ज्वारी मागे कधी पडली, संकरित कापूस केव्हा आला, सोयाबीनने कोणाची जागा घेतली, १९७२ च्या दुष्काळानंतर शेतकऱ्याने काय बदलले, हे त्यांतून उलगडू शकते. हरवलेल्या वाणाचा शोध घेणाऱ्यालाही निदान गावाचे नाव मिळेल.

पण अशा कामाला पैसा लागतो. प्रवास, मुक्काम, उर्दू-फारसी वाचणाऱ्या जाणकाराचे मानधन, कागदांची छायाचित्रे आणि वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, हे सारे पदरमोड करून किती दिवस चालणार? दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद संशोधनासाठी अनुदान देते. तिच्याकडे रीतसर प्रस्ताव जावा. मात्र सुरुवात आपल्या घरून व्हावी. प्रदर्शनातल्या प्रत्येक गाळ्यामागे शंभर रुपये बाजूला काढले, तरी एका अभ्यासकाची हैदराबादची पहिली खेप निघेल. हिशेब दरवर्षी मंडपातच फळ्यावर लिहावा, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही.

आणि तोवर एक काम बिनपैशाचे आहे. आपापल्या पेट्या उघडा. जुने प्रशस्तिपत्र, पावती, छायाचित्र सापडले तर मागे साल आणि गाव पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या घरी ते राहून गेले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)