नोकरी, पियानो आणि एक गाणे

रायपूर शहराच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर भनपुरी लागते. कारखाने, गोदामे आणि मालमोटारींची वर्दळ ही या औद्योगिक परिसराची ओळख. परंतु ज्या छत्तीसगडच्या भूमीवर ही वसाहत उभी आहे, तिला गाण्याचे जुने वेड आहे. ददरिया, करमा, सुआ ही येथील गीते दिवसभर राबणाऱ्या माणसांनीच रचली आणि जपली. २००९ साली ‘दिल्ली-६’ या हिंदी चित्रपटातून ‘ससुराल गेंदा फूल’ देशभर पोहोचले, ते छत्तीसगडच्याच लोकगीतावर आधारलेले होते. गायिका रेखा भारद्वाज यांना त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. मूळ गाणे कोणाच्या लेखणीतून उतरले, हे मात्र ते गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल.

गाणे ओठांवर राहते, गायकाचा आवाज स्मरणात राहतो आणि शब्द लिहिणारा बहुधा पडद्याआडच राहतो. केवळ गीतलेखनावर चरितार्थ चालणे तर त्याहून दुर्मीळ. जगदीश खेबुडकर शिक्षक होते, शान्ता शेळके महाविद्यालयात मराठी शिकवीत. नोकरीने घर सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात शब्द सांभाळायचे, ही वाट गीतकारांच्या परिचयाची आहे. सातासमुद्रांपलीकडे याच वाटेने चाललेल्या एका स्त्रीचे आयुष्य एका गाण्याने बदलले. तिचे नाव ज्यूली गोल्ड.

उमेदवारीची वर्षे

अमेरिकेतील फिलाडेल्फिया परिसरात १९५६ साली जन्मलेल्या ज्यूली गोल्ड यांना लहानपणापासून पियानोची गोडी होती. टेम्पल विद्यापीठातील शिक्षण आटोपून १९७८ साली त्या न्यूयॉर्कला आल्या. गीतकार व्हायचे हे ठरलेले होते. परंतु शहराला त्यांच्या गाण्यांची निकड नव्हती. खोलीचे भाडे तर दरमहा द्यावेच लागे. मिळतील ती कामे करीत त्या रात्री लहानसहान कार्यक्रमांतून स्वतःची गाणी सादर करीत. पुढे एचबीओ या दूरचित्रवाणी कंपनीत त्या सचिव म्हणून काम करू लागल्या. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी गाणे, असा क्रम सुरू झाला. वर्षे उलटत होती, नाव मात्र होत नव्हते.

तिशीच्या उंबरठ्यावर असताना आईवडिलांनी त्यांना एक अनमोल भेट पाठविली. ज्या पियानोवर त्या लहानपणी शिकल्या, तोच पियानो न्यूयॉर्कच्या घरी येऊन दाखल झाला. थंडीतून प्रवास करून आलेले वाद्य लगेच वाजवू नये, खोलीच्या उबेत ते एक दिवस स्थिरावू द्यावे, असे तो आणणाऱ्यांनी बजावले. दुसऱ्या दिवशी त्या पियानोशी बसल्या आणि एक गाणे आकाराला आले. त्याचे नाव ‘फ्रॉम अ डिस्टन्स’, म्हणजे ‘दुरून’. दुरून पाहिले तर पृथ्वी सुंदर आणि सुसंवादी दिसते. तेथून ना युद्ध दिसते, ना भूक, असा त्याचा साधा आशय. जवळून पाहिले तर काय दिसते, हा प्रश्न ते श्रोत्यावरच सोपविते.

एका मैत्रिणीचा हात

चांगले गाणे लिहून झाले तरी ते योग्य कानांपर्यंत पोहोचावे लागते. येथे मदतीला आल्या त्यांच्या मैत्रीण आणि सहगीतकार क्रिस्टीन लॅविन. त्यांच्यामुळे हे गाणे टेक्सासच्या गायिका नॅन्सी ग्रिफिथ यांच्यापर्यंत पोहोचले. ग्रिफिथ यांनी १९८७ साली आपल्या गीतसंग्रहात ते ध्वनिमुद्रित केले आणि आयर्लंडमध्ये ते अफाट गाजले. १९९० साली बेट मिडलर यांनी ते गायिले, तेव्हा अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या प्रमुख यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच सुमारास आखातात युद्धाचे ढग जमले होते. ज्यांची मुले सैन्यात होती, त्या घरांना या शब्दांत आपलीच व्याकुळता ऐकू आली.

१९९१ साली या गीताला ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत’ हा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार गायकाला नव्हे, गीत रचणाऱ्याला दिला जातो. त्यामुळे बेट मिडलर यांचा आवाज जगभर घुमत असताना मंचावरचा सन्मान एकेकाळच्या कचेरीतील सचिवाला लाभला. नोकरी सुटली आणि गीतलेखन हाच त्यांचा व्यवसाय झाला.

नाव आणि हक्क

या यशामागे प्रतिभा होती, चिकाटी होती, मैत्रीही होती. आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हे गाणे त्यांच्या नावावर होते. अमेरिकेत गाण्याच्या प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे गीताच्या हक्कधारकांना ठरावीक रक्कम मिळते. १९९० साली हा वैधानिक दर ५.७ सेंट होता. रक्कम किरकोळ वाटते. परंतु प्रती लाखोंनी खपल्या आणि अनेक गायकांनी तेच गाणे पुन्हा गायिले, की याच थेंबांचे तळे होते.

आपल्याकडे गीतकारांना दीर्घकाळ एकरकमी मानधनावर समाधान मानावे लागे. २०१२ साली प्रतिमुद्राधिकार अधिनियमात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी लिहिलेले गीत चित्रपटगृहाबाहेर अन्यत्र वापरले गेल्यास त्या स्वामित्वधनातील गीतकाराचा वाटा करार करूनही हिरावून घेता येत नाही, अशी तरतूद आता आहे. हा वाटा वारसाला किंवा हक्कवसुली करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. गीतकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे गीताचा प्रतिमुद्राधिकार टिकतो. १९६९ पासून कार्यरत असलेली ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही संस्था सदस्यांच्या वतीने असे स्वामित्वधन गोळा करते.

कारखान्याच्या पाळीनंतर, शाळा सुटल्यावर किंवा बँकेचा हिशेब जुळल्यावर वही उघडणारी माणसे भनपुरीतही आहेत आणि महाराष्ट्रातही. त्यांच्यासाठी ज्यूली गोल्ड यांच्या कथेत दिलासा आहे. पोटापाण्याच्या नोकरीने कलेचे नुकसान होतेच असे नाही. प्रतीक्षेची वर्षे तीच निभावून नेते. मात्र लिहिलेल्या गाण्याखाली आपले नाव आणि तारीख घालावी, ते दुसऱ्याच्या हाती देताना करार लेखी करावा, आणि स्वाक्षरीपूर्वी त्यातील प्रत्येक ओळ वाचावी. गाणे दूरवर जाईल तेव्हा गीतकाराचे नावही त्याच्यासोबत गेले पाहिजे.