साबणाचा फेस: येतो कुठून, जातो कुठं?

धुण्याची पावडर बादलीत पडली की आपली नजर आधी जाते फेसाकडे. फेस भरपूर, म्हणजे कपडे स्वच्छ, असं आपण धरूनच चालतो. पण भगिनींनो, मळ काढण्याचं काम फेसाचं नव्हेच! ते काम करणाऱ्या पदार्थाला शास्त्रज्ञ ‘सरफॅक्टंट’ म्हणतात. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलकट मळाला चिकटतं. त्यामुळे मळ कपड्यावरून सुटतो नि पाण्याबरोबर वाहून जातो.

रिठे-शिकेकाईतलं सॅपोनिन हेच काम करतं. तेल आणि क्षार यांपासून होणारा साबणही तेच करतो. पण विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा नुसता साका होतो. ही अडचण डिटर्जंटनं दूर केली. मात्र त्याचा कच्चा माल मुख्यतः जमिनीतून काढलेल्या खनिज तेलाचा.

नदीवरचा फेस

दुसऱ्या महायुद्धानंतर जे डिटर्जंट खपू लागले, त्यांतल्या बऱ्याचशांचे रेणू फांद्या फुटलेले होते. पाण्यातल्या जिवाणूंना ते पचेनात. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले. पश्चिम जर्मनीनं १९६१ साली यासाठी कायदा केला, तर अमेरिकेतल्या कारखानदारांनी १९६५ मध्ये सरळ साखळीचा, पचणारा रेणू स्वीकारला. तरीही हवा आणि वेळ मिळाल्याशिवाय जिवाणू तोही पचवत नाहीत. शुद्ध न करता सोडलेलं सांडपाणी नदीत गेलं की फेस येतोच. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर तो वारंवार दिसला आहे. त्या पाण्यात कारखान्यांचा वाटा आहे, तसा घराघरांतल्या मोऱ्यांचाही.

साखर आणि खोबरेल

मग दुसरा मार्ग कोणता? १९९८ साली पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी ‘हरित रसायनशास्त्रा’ची बारा तत्त्वं मांडली. कच्चा माल पुन्हापुन्हा पिकणारा असावा आणि वापरून झाल्यावर पदार्थ निसर्गात विरून जावा, ही त्यांतलीच दोन.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे ग्लुकोसाइड. मक्याच्या किंवा गव्हाच्या पिठूळ भागातून मिळणारी साखर आणि खोबरेलापासून केलेलं स्निग्ध अल्कोहोल यांचा संयोग घडवतात. साखरेचं टोक पाण्याकडे, खोबरेलाचं तेलाकडे! या क्रियेत बाजूला पडतं ते फक्त पाणी. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञानं असे पदार्थ १८९३ मध्येच बनवले होते. मोठे कारखाने मात्र शंभर वर्षांनी निघाले. ग्लुकोसाइड त्वचेला सौम्य असतं, म्हणून ते लहान मुलांच्या शांपूत घालतात.

आणखी गंमत म्हणजे, आपण इडलीचं पीठ आंबवतो तसं साखर नि तेल खाऊ घालून यीस्टकडूनही सरफॅक्टंट करवून घेतात. त्याला सोफोरोलिपिड म्हणतात.

मात्र ‘वनस्पतिजन्य’ म्हटलं की सगळं आलबेल, असं नव्हे. पाम तेलासाठी इंडोनेशिया-मलेशियात मोठाली जंगलं तोडली गेली. आपला रिठादेखील डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो!

घरी एवढं करा

• पावडर मापानंच घाला. जास्त फेस म्हणजे जास्त खळबळणं आणि जास्त पाणी.

• बाटलीमागची नावं वाचा. ‘डेसिल ग्लुकोसाइड’, ‘कोको ग्लुकोसाइड’ ही साखर-तेलाची मंडळी. पुढच्या बाजूचं हिरवं पान नुसतं चित्र असू शकतं.

• रेशमी आणि लोकरी कपड्यांसाठी आठ-दहा रिठे फोडून बिया काढा. टरफलं रात्री भिजत घाला, सकाळी पाव तास उकळा, कुस्करून गाळा. हे पाणी टिकत नाही, दोन दिवसांत संपवा. रंग जातो का, हे आधी कापडाच्या कोपऱ्यावर बघा. पांढऱ्या कपड्यांना मात्र ते नको, पिवळट झाक येते.

• ताटांतलं तूप-तेल आधी कागदानं पुसून घ्या. निम्मं काम तिथंच होतं, नि मोरीत जाणारा साबणही वाचतो.