शेवटचा शब्द ऐकणारा
लेखमाला : पडद्यावरचा तपास – भाग ९

परवा माढ्याच्या एसटी स्टँडवर कॉलेजातल्या एका मुलानं मला गाठलं. ही लेखमाला तो वाचतो. म्हणाला, "वकीलसाहेब, टीव्हीवरचा माणूस खुन्याचं नाव सांगायच्या आतच का मरतो हो? 'मला... मला...' एवढंच म्हणतो आणि मान टाकतो." मी म्हटलं, नाव सांगितलं तर तासाभराची गोष्ट पाच मिनिटांत संपेल की. त्याची कुर्डुवाडीची गाडी लागली आणि तो गेला. पण उत्तर अर्धंच राहिलं होतं, म्हणून आजचा भाग त्याच्यासाठी.

टीव्हीवरचा तपास म्हटलं की आपल्याकडे आधी 'सीआयडी'. ती २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली, २०१८ पर्यंत दीड हजारांवर भाग चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. ती उभी करणारे बी. पी. सिंग आधी दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर कॅमेरामन होते. त्यांनीच मराठीत 'एक शून्य शून्य' केली आणि 'सीआयडी'तले शिवाजी साटम त्या मालिकेतही होते. सोलापूर जिल्ह्यातल्या घराघरांत तपास हा शब्द पोचला तो या माणसांमुळे, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण 'सीआयडी'त बोलतं ते प्रेत. फोरेन्सिक तज्ज्ञ डॉ. साळुंखेंच्या टेबलावर नखातली माती बोलते, जखमेची खोली बोलते. जिवंतपणी त्या माणसानं शेवटचं काय सांगितलं, याला तिथं फारसा वाव नसतो.

बाहेरच्या मालिकांनी मात्र शेवटच्या शब्दांवर भागच्या भाग रचले. शेरलॉक होम्सच्या 'स्पेकल्ड बँड' या गोष्टीवर ग्रॅनडा टेलिव्हिजननं १९८४ मध्ये जेरेमी ब्रेटला घेऊन भाग केला. त्यात एक तरुणी बहिणीच्या मिठीत मरता मरता ठिपक्यांच्या 'बँड'बद्दल काहीतरी बोलते. इंग्रजीत बँड म्हणजे पट्टा आणि बँड म्हणजे टोळीही. जवळच भटक्या लोकांचा तळ पडलेला असतो, ते डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधतात, म्हणून संशय टोळीवर जातो. खरा मारेकरी असतो साप. खुद्द होम्सही त्या एका शब्दानं आधी चकतो. होम्सच्याच दुसऱ्या एका गोष्टीत मरणारा बाप काहीतरी पुटपुटतो. मुलाला त्यात फक्त 'रॅट' ऐकू येतं आणि बाप भ्रमात उंदराबद्दल बोलतोय असं त्याला वाटतं. बाप म्हणत असतो 'बॅलरॅट', ऑस्ट्रेलियातल्या एका गावाचं नाव. पहिल्या गोष्टीत शब्द बरोबर ऐकला, पण अर्थ चुकला. दुसरीत शब्दच अर्धा कानावर आला. मरणाऱ्यानं दोन्ही वेळा खरंच सांगितलं होतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेतला, १९७७ चा. ॲबिगेल मिचेल नावाची वयस्कर रहस्यकथालेखिका एका तरुणाला आपल्या घरातल्या खोलीएवढ्या तिजोरीत कोंडते. हवा संपून तो आत मरतो. आत काड्यापेटीतल्या काही काड्या आहेत आणि तिच्या नव्या नाटकाचं टंकलिखित बाड आहे. त्याच्या पहिल्या पानावर नाव आहे, 'द नाइट आय वॉज मर्डर्ड, बाय ॲबिगेल मिचेल'. म्हणजे 'ज्या रात्री माझा खून झाला', लेखिका अमुक. मरण्याआधी तो जळक्या काडीच्या काजळीनं पहिले दोन शब्द खोडतो. उरतं ते असं : माझा खून ॲबिगेल मिचेलनं केला. तो कागद तो दिव्याच्या होल्डरमध्ये दडवून ठेवतो आणि कोलंबो तिथून तो काढतो.

हा कागद आपल्याकडच्या कोर्टात चालला असता का? चालला असता. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ चं कलम ३२(१), आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६, मेलेल्या माणसानं आपल्या मरणाच्या कारणाबद्दल केलेलं कथन पुरावा मानतं, लेखी असो वा तोंडी. बार रूममध्ये आम्ही त्याला नुसतं 'डीडी' (डाइंग डिक्लरेशन) म्हणतो. कागदोपत्री तो मृत्युपूर्व जबाब. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बोलणाऱ्याची जगण्याची आशा पार सुटलेली असणं गरजेचं होतं. आपल्याकडे तशी अट पहिल्यापासून नाही. जबाब देणारा वाचला, तर मात्र तो मृत्युपूर्व जबाब राहत नाही. मग त्यानं स्वतः पिंजऱ्यात येऊन साक्ष द्यायची.

तोंडी म्हणजे आवाज निघालाच पाहिजे का, हा प्रश्न १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आला. क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला. गळा चिरलेल्या एका मुलीला बोलता येत नव्हतं, पण ती शुद्धीवर होती. तिला एकेक नाव विचारलं गेलं आणि तिनं हाताच्या खुणेनं हो किंवा नाही सांगितलं. पूर्णपीठानं ते स्वीकारलं. प्रश्न आणि खूण एकत्र घेतली की ते कथन होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी त्या मुलीच्या खाटेजवळ बसून, घाई न करता, एकेक नाव उच्चारलं होतं, हे मला त्या निकालाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्या राज्यातले दोन निकाल. पहिला नागपूरचा. फेब्रुवारी १९५६ मध्ये तिथं दोन गटांच्या वैरातून एकावर हल्ला झाला. दवाखान्यात त्याच रात्री आधी डॉक्टरनं, मग फौजदारानं, मग दंडाधिकाऱ्यानं त्याला विचारलं आणि लिहून घेतलं. तिन्ही कागदांवर हल्लेखोरांची तीच दोन नावं. खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विश्वासार्ह मृत्युपूर्व जबाब एकटाही शिक्षेला पुरतो, दुसरा दुजोरा लागलाच पाहिजे असं नाही. दुसरा निकाल लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. जबाब देण्याइतकं रुग्णाचं मन ठिकाणावर होतं, असं डॉक्टरचं प्रमाणपत्र नसेल तर जबाब फुकट जातो का? घटनापीठ म्हणालं, नाही. लिहून घेणाऱ्याची स्वतःची खात्री पटली असेल तर पुरे.

हे वाचून कुणाला वाटेल, किती सोपं. सोपं मुळीच नाही. मेलेल्या माणसाचा उलटतपास घेता येत नाही. तो होतो ऐकणाऱ्याचा. केस सेशन्स कोर्टाकडे कमिट होते, आणि वर्षा-दोन वर्षांनी जबाब लिहून घेणारे नायब तहसीलदार साहेब पिंजऱ्यात उभे राहतात. नातेवाईकांना बाहेर काढलं होतं का? प्रश्न कोणता विचारला? मरणारी बाई असेल, तर तिनं 'पती' म्हटलं की आणखी काही? हा शेवटचा प्रश्न आमच्या भागात फार मोलाचा आहे. माढा, मोहोळ, करमाळा या पट्ट्यातली जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ती 'मालक' म्हणते. उसाच्या फडावर, वस्तीवर, जिथं ती राबते तिथला शेतवालाही 'मालक'च. भाजलेली बाई म्हणाली, "मालकानं केलं," आणि कारकुनी मराठीत कुणी 'माझे पतीने' असं लिहून टाकलं, तर एक माणूस जन्मठेपेला जाऊ शकतो किंवा दुसरा मोकळा सुटू शकतो. अण्णा, तात्या, दादा, भाऊ यांचंही तेच. एकेका वाड्यात तीन-तीन अण्णा असतात.

शेवटचा शब्द मराठी माणसाच्या मनात आणखी एका जागी कोरलेला आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, ऐन गणपतीचे दिवस. अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव गारद्यांपुढून पळत चुलत्याला, रघुनाथरावांना, जाऊन बिलगला आणि 'काका, मला वाचवा' म्हणाला, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. एखाद्या मालिकेत लेखकानं त्याला 'काका...' एवढ्यावरच थांबवलं असतं, आणि खुनी कळला म्हणून आपण निश्चिंत झालो असतो. पण त्या पोरानं काकाचं नाव आरोपी म्हणून घेतलं नव्हतं. जीव वाचवील असा एकच माणूस त्याला समोर दिसत होता, म्हणून त्यानं हाक मारली. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं ते त्या हाकेवरून नव्हे, चौकशी करून. मरणाऱ्याच्या तोंडून निघालेलं नाव खुन्याचंच असतं असं नाही. दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येतो तो शब्द 'आई'. आणि 'धरावे'चं 'मारावे' झाल्याची जी आख्यायिका आपण 'ध चा मा' म्हणून सांगतो, तिचीही भीती तीच आहे. माणूस बोलतो एक आणि कागदावर उतरतं दुसरं.

बरीच वर्षं झाली, पण एक कागद मी अजून विसरलेलो नाही. भाजलेल्या बाईचा जबाब. दोन्ही हातांची कातडी गेलेली, म्हणून खाली पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतलेला. ठशाभोवती शाई जरा जास्तच पसरलेली. लिहिणाऱ्यानं प्रत्येक प्रश्न वेगळ्या ओळीवर लिहिला होता आणि प्रत्येक उत्तर तिच्याच बोलीत, अवतरणात. एका ठिकाणी ती 'मालक' म्हणाली होती. त्याखाली पुढचा प्रश्न होता : मालक म्हणजे कोण? उत्तर : नवरा न्हाई, वस्तीवरचं मालक. मग नाव, बापाचं नाव, आडनाव. मधल्या दोन ओळी कोऱ्या सोडून समासात लिहिलेलं होतं, 'रुग्णाने पाणी मागितले, डॉक्टरांना विचारून दिले, थांबलो'.

उलटतपासात आरोपीच्या वकिलानं त्या अधिकाऱ्याला तासभर उभं केलं. त्या दोन कोऱ्या ओळींवरच सगळा भर होता. इथं तुम्ही काय गाळलं, कुणाच्या सांगण्यावरून गाळलं? ते एवढंच सांगत राहिले, की ती पाणी पीत होती आणि मी वाट बघत होतो.